गाणारे उदंड, गाणी थोडी

जिंतूरहून जालन्याकडे निघालात की वाटेत आमचे चारठाणा लागते. यादवकाळातली मंदिरे आणि जुन्या बारवा पाहायला अभ्यासक येथे येतात. मी मात्र आज दगडांविषयी नव्हे, गळ्यांविषयी बोलणार आहे. फेब्रुवारी २००९ मध्ये झी मराठीवरच्या 'सा रे ग म प लिटल चॅम्प्स'ची अंतिम फेरी झाली. भारनियमनाचे दिवस होते. वीज राहते की जाते, ही धाकधूक गाण्यापेक्षा मोठी होती. आळंदीची कार्तिकी गायकवाड जिंकली. लातूरचा रोहित राऊत आपल्या मराठवाड्याचा म्हणून मते त्यालाच द्यायची, असे आमच्याकडे अनेकांनी ठरवले होते. एरवी जिल्ह्याजिल्ह्यांत चढाओढ, पण त्या आठवड्यात परभणी आणि लातूर एक झाले होते!

तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मनात आहे. या स्पर्धांनी आपल्याला गायक दिले हे खरे. पण गाणी दिली का?

गाण्यातली स्पर्धा दूरचित्रवाणीने आणलेली नाही. कलगी-तुऱ्याचे फड आपल्या आजोबा-पणजोबांनी रात्र रात्र ऐकले. कलगीवाला शक्तीला मोठे म्हणणार, तुरेवाला शिवाला. एकाने कवनातून कोडे घालायचे, दुसऱ्याने कवनातूनच ते सोडवायचे. आवाज चांगला असून भागत नसे, पदरी रचना लागे. ज्याचे कवन संपले तो हरला. निकाल समोर बसलेले लोक लावत आणि त्यासाठी त्यांना पैसे पडत नसत.

पुढे शहरांत गायनाच्या स्पर्धा सुरू झाल्या. १९५७ च्या सुमारास मेट्रो-मर्फी स्पर्धेत महेंद्र कपूर पहिले आले. परीक्षकांत नामवंत संगीतकार होते आणि त्यांच्याकडे गायची संधी हेच विजेत्याचे खरे बक्षीस होते. पुणतांब्याचे सी. रामचंद्र त्या परीक्षकांपैकी एक. त्यांनी १९५९ च्या 'नवरंग'मध्ये महेंद्र कपूर यांना गायला लावले. पुढे हाच पंजाबी गळा दादा कोंडक्यांच्या चित्रपटांतून महाराष्ट्राच्या जत्राजत्रांत वाजला, ही गंमत वेगळीच. कोल्हापूरचे सुरेश वाडकर १९७६ मध्ये सूरसिंगारची स्पर्धा जिंकले. तेथेही परीक्षक रवींद्र जैन आणि जयदेव. एकाने त्यांना 'पहेली'त गाणे दिले, दुसऱ्याने 'गमन'मध्ये. म्हणजे स्पर्धेच्या दाराबाहेर नवे गाणे उभे असे.

आकाशवाणीची चाळणी याहून कडक होती. माहिती व नभोवाणी मंत्री बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्या काळात, पन्नाशीच्या दशकात, कलावंतांची स्वरचाचणी आणि श्रेणी यांची शिस्त बसली. केसकर मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचे कट्टर पुरस्कर्ते. चित्रपटगीतांना त्यांनी दार लावले आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे गेले. १९५७ मध्ये विविध भारती सुरू करून ते दार पुन्हा उघडावे लागले. पण स्वरचाचणीत तुमचा चेहरा, कपडे, घरची गरिबी काही दिसत नसे. परीक्षकापर्यंत फक्त आवाज पोचे. १९६८ मध्ये परभणी केंद्र सुरू झाले आणि आमच्याकडच्या भजनी मंडळांना, शाहिरांना ही परीक्षा घराजवळ आली. आकाशवाणी नुसती निवड करून थांबली नाही, तिने गाणी करवूनही घेतली. १९५५-५६ मध्ये पुणे केंद्रावरून गदिमा आणि सुधीर फडके यांचे गीतरामायण आठवड्याला एक असे वर्षभर चालले. छप्पन्न नवी गाणी! आज कोणती वाहिनी एवढा धीर धरील?

१९९५ मध्ये झी टीव्हीवर 'सा रे ग म' सुरू झाले. सोनू निगम सूत्रसंचालक, समोर गाण्यातली जाणती मंडळी. श्रेया घोषाल याच कार्यक्रमातून पुढे आली आणि २००२ च्या 'देवदास'मध्ये गायली. खरा बदल झाला तो २००४ मध्ये. ब्रिटनमधल्या 'पॉप आयडॉल'चा साचा 'इंडियन आयडॉल' या नावाने सोनी वाहिनीवर आला आणि निकाल लोकांच्या एसएमएसवर गेला. पहिला विजेता मुंबईचा अभिजीत सावंत, मराठी मुलगा. वर्षाच्या आत त्याचा अल्बम बाजारात आला. मत देणारा प्रेक्षक पैसे देणाराही झाला. मतामागे मोबाइल कंपन्यांची कमाई होती. मग गाण्याइतकीच गाणाऱ्याची कहाणी महत्त्वाची ठरू लागली, यात नवल नाही.

मराठीतल्या 'सा रे ग म प'चे ऋण मी नाकारणार नाही. आर्या आंबेकर आणि प्रथमेश लघाटे यांच्यामुळे नाट्यगीते, भावगीते अशा घरांत पोचली, जेथे ती कधी वाजलीच नव्हती. अमर ओकांची बासरी, सत्यजित प्रभूंचा की-बोर्ड, म्हणजे साथीदारही नावानिशी कळू लागले. ही मला फार मोठी गोष्ट वाटते, कारण साथीदाराचे नाव विचारायची आपल्याकडे पद्धत नव्हती. आणि विदर्भातली वैशाली माडे २००९ मध्ये हिंदी 'सा रे ग म प' जिंकते, २०१५ मध्ये 'बाजीराव मस्तानी'त श्रेया घोषालच्या बरोबरीने गाते. हे दार दुसऱ्या कोणत्या मार्गाने उघडले असते, सांगता येत नाही.

पण ही मुले गात होती ती सगळी दुसऱ्यांची गाणी. मुखडा, अंतरा, टाळ्या, पुढचा स्पर्धक. अनोळखी गाणे मते मिळवत नाही, म्हणून नवे गाणे म्हणण्याचा धोका कुणी पत्करत नव्हते. त्याच वर्षांत कॅसेट संपली, एमपी३च्या नकला फुटपाथवर आल्या आणि भावगीतांच्या नव्या अल्बमवर पैसा लावणारे उरले नाहीत. म्हणजे दोष एकट्या वाहिनीचा नाही. तरी एक विसंगती पाहा. लिटल चॅम्प्सचे परीक्षक अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत हे स्वतः घराघरांत पोचले ते २००२ च्या 'ऐका दाजिबा'मुळे. ते नवे गाणे होते, त्यांचे स्वतःचे! स्पर्धेतल्या मुलांच्या वाट्याला असे गाणे क्वचितच आले. मालिकांची शीर्षकगीते आली, काही चित्रपटगीते आली. पण त्यांची नावे घेताच लोकांना आठवते ते स्पर्धेत गायलेले, आणि ते कुणा थोरांचे असते.

महाराष्ट्र ज्या गाण्यांवर नाचला ती दुसरीकडून आली. २००६ च्या 'जत्रा'त 'कोंबडी पळाली'ला आनंद शिंदे यांचा आवाज होता, तो कॅसेटच्या आणि गायनपार्टीच्या जगात तयार झालेला. २०१६ मध्ये 'सैराट' आला तेव्हा त्यातले 'झिंगाट' अजय-अतुल यांनी स्वतःच गायले.

आमच्याकडे याचा परिणाम वेगळ्या रीतीने दिसला. पोरांना पेटी शिकवणाऱ्या एका मास्तरांकडे २००९ नंतर पालकांची रीघ लागली. मागणी एकच : दोन गाणी पक्की करून द्या, ऑडिशनपुरती. अलंकार, पलटे यांत वेळ घालवू नका. मास्तर अवघडले, पण फी येत होती, त्यांनी गाणी पक्की करून दिली. ती पोरे तीच दोन गाणी गॅदरिंगला गायली, लग्नांत गायली आणि दहावीनंतर गाणे सोडून दिले. सप्ताहात भजनाला चाल लावणारा, भारुडात गावातला ताजा प्रसंग घालणारा माणूस मात्र पंचावन्नच्या पुढचाच राहिला.

२०२१ मध्ये लिटल चॅम्प्सचे पुढचे पर्व आले तेव्हा कार्तिकी, आर्या, मुग्धा, प्रथमेश आणि रोहित परीक्षणाला बसले होते. समोरची मुले बारा वर्षांपूर्वी हे पाच जण गात असत त्याच खजिन्यातून गात होती.

एक जागा मात्र मला अजून वेगळी दिसते. मार्च सरत आला की आमच्या भागातल्या भीमगीतांच्या गायनपार्ट्या नवी गाणी बसवू लागतात. लिहिणारा बहुधा त्याच वस्तीतला, चाल पार्टीतल्याच कुणाची. गेल्या वर्षीचे गाणे यंदा म्हटले तर पुढे बसलेली पोरे ओरडतात, 'हे झालं, नवं म्हणा!' चौदा एप्रिलच्या रात्री ते नवे गाणे गायले जाते, आणि पहाटे सतरंज्या गुंडाळताना पुढच्या वर्षी कोण लिहिणार याची चर्चा चाललेली असते.