आतल्या आत पडलेली गाठ

फराळाच्या ताटाशेजारी मेंदूच्या रोगाची कथा घेऊन बसणे काहींना रुचणार नाही. पण सणाला जमलेल्या घरात एखादी आजी पोटच्या लेकीलाच ‘तू कोणाची गं?’ म्हणून विचारते, आणि आपण ‘म्हातारचळ’ म्हणून विषय मिटवतो. मला तो शब्द कधीच आवडला नाही.

१९०१ च्या नोव्हेंबरात फ्रँकफुर्टच्या वेड्यांच्या इस्पितळात आऊगुस्टे डेटर ही बाई दाखल झाली, तेव्हा ती अवघी ५१ वर्षांची होती. डॉक्टर आलोइस आल्झायमर यांनी नाव विचारले. ती म्हणाली, आऊगुस्टे. नवऱ्याचे नाव विचारले, तरी आऊगुस्टेच! डॉक्टरांनी एकेक उत्तर टिपून ठेवले. ते कागद पुढे बेपत्ता झाले, ते थेट १९९५ साली फ्रँकफुर्टलाच हाती लागले.

बाई १९०६ च्या एप्रिलमध्ये वारली. आल्झायमर तोवर म्युनिकला गेले होते. त्यांनी तिचा मेंदू तिकडे मागवून घेतला. त्याचे पातळ काप रुप्याच्या क्षाराने रंगवून पाहताच मज्जापेशींच्या आत तंतूंचा गुंता दिसला. कित्येक ठिकाणी तर पेशी नाहीशी होऊन नुसती गाठ उरली होती! नोव्हेंबरात ट्यूबिंगेनच्या सभेत त्यांनी हे सांगितले. कोणी एक प्रश्नही विचारला नाही.

हे तंतू कशाचे, हे कळायला ऐंशी वर्षे लागली. १९६३ साली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ते जोडीजोडीने, सुंभाला पीळ घालावा तसे वळलेले दिसले. १९७५ साली प्रिन्स्टनच्या संशोधकांना डुकराच्या मेंदूत ‘टाऊ’ नावाचे प्रथिन सापडले; ते तर निराळ्याच कामात होते. मज्जापेशीच्या लांब शेपटातून मालाची ने-आण होते ती सूक्ष्म नळ्यांवरून, आणि त्या नळ्यांना आधार देते ते टाऊ. १९८६ साली न्यूयॉर्कला खालिद इक्बाल आणि त्यांच्या पत्नी इंगे ग्रुंडके-इक्बाल यांनी दाखवले, की त्या गाठी याच टाऊच्या असून त्यावर फॉस्फेटचा बेसुमार भार चढलेला असतो. म्हणजे शत्रू बाहेरून आलाच नव्हता; घराचाच वासा निखळला होता.

तो निखळतो का? पेशीवर ताण आला, साखर कमी पडली, प्राणवायूची जळजळ वाढली, की फॉस्फेट चढवणारी विकरे चेकाळतात आणि उतरवणारी मंदावतात. भारावलेले टाऊ नळी सोडते आणि सुटे टाऊ एकमेकांना बिलगू लागतात.

इतके वाचून मी खिन्न झालो होतो; पण मग लाइपझिगच्या खारींची हकिकत वाचनात आली. २००३ साली तिथल्या संशोधकांनी बिळात राहणाऱ्या युरोपीय खारींचा मेंदू हिवाळी झोपेत तपासला. गारठ्याने थंडावलेल्या त्या मेंदूत टाऊवर रोग्यासारखाच फॉस्फेटचा भार होता, पेशींचे एकमेकींशी असलेले जोडही आखडले होते. गाठ मात्र नव्हती. आणि खार जागी झाली, की भार उतरत होता, जोड पुन्हा फुटत होते.