डाळिंबबागेचा ‘ताण’ : सोलापुरातील मोजमापाचा इतिहास

सोलापूर जिल्ह्याच्या सिंचनाचा इतिहास प्रामुख्याने दिलेल्या पाण्याचा इतिहास म्हणून लिहिला जातो. उजनी, कालवे, ठिबक संच यांच्या नोंदी सापडतात. बागेपासून हेतुपुरस्सर रोखलेल्या पाण्याची नोंद मात्र क्वचितच आढळते. वस्तुतः येथील डाळिंबशेती त्या रोखलेल्या पाण्यावरच उभी आहे.

डाळिंबाला अनुकूल हवामानात वर्षभर फुले येतात. म्हणून आंबे, मृग वा हस्त यांपैकी एक बहार निवडून त्यापूर्वी पाणी तोडतात. वाढ थांबते, अन्नसाठा फांद्यांत राहतो, पाने पिवळी पडून गळतात आणि पहिल्या पाण्यानंतर कळी एकदम निघते. यालाच शेतकरी ‘ताण देणे’ म्हणतो. ताण कमी पडल्यास बहार फुटकळ येतो. अधिक झाल्यास फांद्या वाळतात, म्हणजे वर्षाचे उत्पन्न जाते. हलकी जमीन लवकर ताणावर येते, भारी जमीन उशिरा. हे ठरविण्याचे पारंपरिक माप म्हणजे पान.

शासकीय संशोधनाचे माप निराळे होते. 1923 मध्ये मांजरी येथे कोरडवाहू शेतीचे प्रयोग सुरू झाले. पुढे 1933 मध्ये इंपीरियल कौन्सिल ऑफ ॲग्रिकल्चरल रिसर्चच्या योजनेतून सोलापूर येथे केंद्र आले. तेथे प्रश्न ज्वारीचा होता. मोजणी पावसाची व मातीतील ओलाव्याची होती. झाड स्वतः किती तहानलेले आहे, हे त्यातून कळत नव्हते.

ते सांगणारे दाबपात्र शोलँडर व सहकाऱ्यांनी 1965 मध्ये प्रचारात आणले. (उंच वृक्षांच्या डहाळ्या त्यांनी बंदुकीने पाडल्या होत्या!) कापलेली डहाळी पोलादी पात्रात बंद करून देठ बाहेर ठेवतात आणि वायूचा दाब वाढवितात. देठावर रस उमटतो तो दाब म्हणजे झाडातील ओढ. 1981 मध्ये इडसो व जॅक्सन यांनी पानांच्या तापमानावरून ताणाचा निर्देशांक मांडला. या साधनांचा रोख मुख्यतः ताण टाळण्याकडे होता. डाळिंबाला मात्र तो नेमका हवा असतो.

2005 मध्ये सोलापुरात राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र स्थापन झाले आणि हे फळ येथील संशोधनाचा स्वतंत्र विषय बनले. दरम्यान ठिबकमुळे मुळे ओल्या पट्ट्यातच राहू लागली. पाणी तोडताच अशी झाडे लवकर ताणावर येतात. अवकाळी पाऊस तर आठवडाभरात ताण मोडतो. जुने दिवसांचे ठोकताळे येथे अपुरे पडतात. ज्या बागायतदारांनी पाणी तोडल्याची व पहिल्या पाण्याची तारीख वहीत लिहून ठेवली असेल, त्या वह्या जिल्ह्याच्या पर्जन्यनोंदींशेजारी ठेवून वाचणे हे इतिहासाच्या अभ्यासकाचेही काम आहे.