कप्तान हर्बर्ट यांची हिमालयांतील खनिजपाहणी

सतलज व काली या नद्यांमधील हिमालयाची खनिजपाहणी कंपनी सरकारनें कप्तान जे. डी. हर्बर्ट यांजकडे सोंपविली होती. तेथें खनिजें कोणतीं व त्यांचा उपयोग काय, एवढ्यापुरता त्यांचा निबंध ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या १८ व्या खंडांत आला. पाहणीचा अहवाल मात्र १८३३ सालीं ते वारले तेव्हां अमुद्रितच होता. बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या पत्रिकेंत तो निघाला १८४२ सालीं. द्रव्याचा भाग आधीं, शास्त्राचा मागाहून! १८२९ सालीं ‘ग्लीनिंग्ज इन सायन्स’ हें मासिक काढून इतरांचे लेख छापणाऱ्या या गृहस्थाचें स्वतःचें बाड नऊ वर्षें पोरकें राहावें, याचें आम्हांस वाईट वाटतें. गढवालांतील धनपूर व पोखरी येथील तांब्याच्या खाणी तद्देशीय लोक गुरख्यांच्या अमलापूर्वींपासून खणीत आले होते. म्हणून वर ‘शोध’ न म्हणतां आम्ही ‘पाहणी’ म्हटलें आहे.