चर्च रोडवरची भजनं

मंडळी, नमस्कार.

शिकागोतला मराठी माणूस डेव्हन ॲव्हेन्यूवर कशाला जातो हे सांगायला नको. कोथिंबीर, कढीपत्ता, ज्वारीचं पीठ, गणपतीच्या आधी उदबत्त्या आणि कापूर, आणि पार्किंग मिळालंच तर चहा-समोसा. (गोरे शिकागोकर त्याला 'डिव्हॉन' म्हणतात. आपण आपलं 'डेव्हन'च म्हणायचं.) मी इथे आल्यापासून जवळजवळ दर पंधरवड्याला जातोय, पण या रस्त्याचं मूळ नाव 'चर्च रोड' होतं हे मला कोविडच्या काळात कळलं. पूर्वेकडे रिज ॲव्हेन्यूच्या कोपऱ्याशी जुनं कॅथलिक चर्च आहे. एकोणिसाव्या शतकात हा सगळा भाग लक्झेंबर्ग आणि जर्मनीकडून आलेल्या शेतकऱ्यांचा होता. १८८० च्या दशकात शेजारचं एजवॉटर वसवणाऱ्या बिल्डर लोकांनी फिलाडेल्फियाजवळच्या एका रेल्वे स्टेशनवरून 'डेव्हन' हे नाव उचललं आणि चर्च रोड नकाशावरून गेला.

आता इतिहासाकडे वळण्याआधी थोडं घरगुती. माफ करा, पण त्याशिवाय पुढचं लिहिता येणार नाही.

एप्रिल २०२१. पुण्यात दुसरी लाट. बाबा ऑक्सिजनवर होते आणि मी इथे लॅपटॉपसमोर. एच-वन व्हिसावर असलेल्यांना आठवत असेल, स्टँपिंग जवळपास बंद होतं, आणि ४ मे पासून भारतातून अमेरिकेत यायला निर्बंध लागले. जावं तर परत येण्याची खात्री नाही, न जावं तर... ते वाक्य मी तेव्हाही पूर्ण करत नव्हतो. दिवसा स्टँडअपमध्ये "ऑल गुड" म्हणायचं आणि रात्री पुण्याहून येणाऱ्या फोनची वाट बघायची, आणि तो येऊ नये असंही वाटायचं.

माझा इंजिनीअरिंगचा एक वर्गमित्र इथेच असतो. मूळचा नगरचा (आता अहिल्यानगर), घर चार पिढ्यांपासून ख्रिस्ती. एका शनिवारी रात्री आम्ही दोघं डेव्हनवर किराणा घ्यायला गेलो होतो. दुकानं मिटत आली होती. तो म्हणाला, "पाच मिनिटं गाडीत बस, मला उपासनेला हजर राहायचंय." नगरला रविवारची सकाळ झाली होती. त्याने डॅशबोर्डवर फोन ठेवला. पडद्यावर तीसेक चौकोन, प्रत्येकात एक घर. पाळकांनी सुरुवात केली आणि सगळे गायला लागले. नेटवर्कच्या लेटन्सीमुळे एका घराचं धृपद संपेपर्यंत दुसऱ्याचं सुरू होत होतं, कुणाचा तरी प्रेशर कुकर मधेच शिट्टी देत होता. तांत्रिकदृष्ट्या अगदी भिकार कॉल! पण मी दचकलो ते वेगळ्याच कारणाने. मला वाटलं होतं पियानो, कोरस, इंग्रजी चाल असं काहीतरी असेल. ही तर अभंगाची चाल होती. टाळ होते. माझी आजी एकादशीला जे म्हणायची त्याच वळणाचं. फक्त विठ्ठलाच्या जागी ख्रिस्त.

त्याच आठवड्यात मित्राची आत्या गेली होती. त्या तीस चौकोनांतला एक चौकोन तिच्या घरचा होता. तरी ते लोक गात होते. मी गाडीतच त्याला जरा आडवं विचारलं, "अरे, पण याने होतं काय? आत्या तर गेलीच ना?" तो म्हणाला, "जाणारा जातो रे. पण मागे राहिलेल्यांनी एकेकट्याने नाही घाबरायचं, एवढंच." आणि मग, "तू 'स्मृतिचित्रे' वाचलंयस का? शाळेतल्या धड्यापलीकडे?"

नव्हतं वाचलं. मग वाचलं. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडतो.

भीतीचे दिवस म्हणजे काय हे आपल्या पणजोबा-खापरपणजोबांना आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवीला डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला. (हे डॉक्टर मूळचे गोव्याचे, ख्रिस्तीच.) पुढच्या काही दशकांत हिंदुस्थानात प्लेगने एक कोटीच्या वर माणसं गेली. त्याच हिवाळ्यात दुष्काळ पडला, तो सरतो न सरतो तोच १८९९-१९०० चा दुसरा, आणखी मोठा. सरकारने १८९७ मध्ये साथरोग कायदा केला (मार्च २०२० मध्ये आपल्याकडे पुन्हा बाहेर काढला तो हाच), गोरे सोल्जर घरात घुसून तपासण्या करू लागले, आणि २२ जून १८९७ ला रँडवर गोळी झाडली गेली. हा भाग आपण सगळे शाळेत शिकलो. पण त्या दिवसांत साधी माणसं रात्री स्वतःला कशी सावरत होती हे कुणी शिकवलं नाही.

मुंबईतल्या ईस्ट इंडियन लोकांनी काय केलं ते आजही दिसतं. ही उत्तर कोकणातली मूळची मराठी बोलणारी कॅथलिक मंडळी. वांद्रे, माझगाव, गिरगाव या भागांत गल्लीच्या तोंडाशी दगडी क्रूस दिसतात ना, त्यातले बरेच प्लेगच्या वर्षांत उभे राहिलेले आहेत. काहींवर सालही कोरलेलं आहे. साथ टळावी म्हणून, किंवा वाचलो म्हणून. मे महिन्यात लोक संध्याकाळी क्रूसापाशी जमतात, रोझरी म्हणतात, आणि नंतर उकडलेले चणे वाटतात. शेजाऱ्याच्या घरात जायची भीती वाटावी अशा दिवसांत उघड्यावर, सगळ्यांना दिसेल अशी जागा लागत होती, असं मला त्यावरून वाटतं.

आता नगर. तिथे अमेरिकन मराठी मिशनचं काम जुनं. 'ज्ञानोदय' तिथूनच १८४२ मध्ये सुरू झालं. नारायण वामन टिळक १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेऊन पुढे नगरला आले. लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या, मग आल्या, आणि १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. म्हणजे या घराचा नवा संसार मांडला गेला तो नेमका प्लेग आणि दुष्काळाच्या मधोमध. गावाबाहेरच्या झोपड्या, आजारी माणसं, त्यांची शुश्रूषा, हे सगळं 'स्मृतिचित्रे'त येतं, आणि बाई ते कुठेही मोठेपणा न घेता सांगतात. घाबरल्या तर घाबरले म्हणतात. वर स्वतःलाच हसतात. बाबा आयसीयूत असताना मी ते पुस्तक वाचत होतो आणि मधूनमधून चक्क हसत होतो. याची मला तेव्हा थोडी लाजही वाटली.

पण टिळकांचं मोठं काम मला तरी गाण्यातलं वाटतं. त्यांच्या आधी मराठी चर्चमध्ये बहुतेक करून इंग्रजी चालीत मराठी शब्द कोंबलेली गीतं म्हणत. अपवाद होते. नगरच्याच कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन आधीच सुरू केलं होतं. टिळकांनी ओवी, अभंग, पदं उघडपणे उपासनेत आणली. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो अशा अर्थाचं ते बोलत असत. 'उपासना संगीत' या मराठी ख्रिस्ती गीतसंग्रहात त्यांची दोनशेहून अधिक पदं आहेत, आणि डेव्हनवरच्या गाडीत मी ऐकलं तेही त्यांचंच होतं.

याचा भीतीशी काय संबंध? मला असं वाटतं की माणूस खरा घाबरतो तेव्हा शिकलेली भाषा गळून पडते. मी दहा वर्षं इंग्रजीत काम करतोय, पण त्या एप्रिलमध्ये तोंडातून "आई गं"च निघत होतं. नगरच्या दुष्काळातल्या, अक्षरओळख नसलेल्या शेतमजूर बाईला परक्या चालीतलं गाणं किती धीर देणार? तिच्या जात्यावरच्या ओवीतून प्रार्थना आली की ती तिची झाली.

तिसरं ठिकाण केडगाव. पंडिता रमाबाईंना दुष्काळ पुस्तकातून कळलेला नव्हता. १८७४ च्या सुमाराला मद्रास इलाख्यातल्या दुष्काळात त्यांचे आईवडील आणि बहीण गेले. रमाबाई तेव्हा सोळा वर्षांच्या. म्हणून १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याचं कळल्यावर त्या स्वतः तिकडे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-बायका घेऊन आल्या. पुण्यात प्लेगमुळे एवढी माणसं ठेवायला परवानगी नाही. मग केडगावच्या मोकळ्या शेतावर तंबू-झोपड्या टाकून राहिले सगळे. तेच पुढे 'मुक्ती' झालं. दुसऱ्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

दोन हजार माणसं, त्यातल्या बहुतेकींनी घरचे लोक डोळ्यांसमोर मरताना पाहिलेले. तिथे दिवस घंटेने सुरू व्हायचा, प्रार्थना व्हायची, आणि मग काम. विणकाम, तेलाची घाणी, शेती, छापखाना, अंध मुलींची शाळा. १९०५ मध्ये तिथे प्रार्थनेचं एक मोठं वारंच आलं. मुली एकाच वेळी मोठ्याने रडत, ओरडत, आपापल्या शब्दांत प्रार्थना करू लागल्या. बाहेरच्यांना, काही मिशनऱ्यांनाही, ते विचित्र वाटलं. मला वाटतं ज्या मुलींना रडायलाही फुरसत मिळाली नव्हती त्यांचं ते उशिरा आलेलं रडं होतं. यात भक्ती किती आणि दुःख किती, हे वेगळं काढायची मला गरज वाटत नाही.

आणि शांती म्हणजे गप्प बसणं, असंही रमाबाईंच्या बाबतीत नव्हतं. १८९७ मध्ये पुण्याच्या प्लेग इस्पितळातल्या कारभारावर त्यांनी 'बाँबे गार्डियन'मधून उघड टीका केली, ती पार विलायतेच्या पार्लमेंटपर्यंत गेली. सकाळी प्रार्थना आणि दुपारी सरकारला पत्र!

आता काही जण म्हणतील, ही सगळी धर्मांतराची गोष्ट झाली, उपाशी माणसाला भाकरी देऊन देव बदलायला लावला. हा प्रश्न तेव्हाही होता. १८९३ मध्ये शारदा सदनच्या सल्लागार मंडळातून रानडे-भांडारकरांसारखे लोक याच वादात बाहेर पडले, आणि 'केसरी'ने तर रमाबाईंना सोडलंच नाही. प्रश्न खोटा नाही. सेवा काही एका धर्माची मक्तेदारी नव्हती हेही खरं. प्लेगच्या रोग्यांची सेवा करतानाच सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ ला गेल्या. पण त्या तीनशे मुलींना आणायला मध्य प्रांतात कोण गेलं होतं, हा प्रश्नही मग विचारावा लागतो. आणि टिळक-लक्ष्मीबाईंना तर कुणी भाकरी दाखवली नव्हती. होतं तेही गेलं होतं.

गंमत म्हणजे हे सगळं आपल्या शिकागोपासून फार लांब नाही. १८८६ ते १८८८ रमाबाई अमेरिकाभर व्याख्यानं देत फिरल्या. इथल्या ज्या बायकांशी त्यांचा स्नेह जुळला त्यात फ्रान्सिस विलर्ड होत्या, एव्हन्स्टनच्या. त्यांचं घर अजून जपलेलं आहे, डेव्हनवरून गाडीने पंधरा-वीस मिनिटं. १९०० च्या दुष्काळात न्यूयॉर्कहून 'क्विटो' नावाचं जहाज मका भरून मुंबईला आलं, तेही 'ख्रिश्चन हेरल्ड' या साप्ताहिकाने इथल्या वाचकांकडून गोळा केलेल्या पैशांवर.

आणि खुद्द डेव्हनवर? गांधी मार्गाची पाटी आपण बघतो. जवळच वेस्टर्न ॲव्हेन्यूवर किंग सार्गनच्या नावाचीही पाटी आहे, ती असिरियन लोकांची. १९१५ च्या कत्तलीतून आणि नंतर इराकमधल्या एकेका संकटातून जीव घेऊन आलेली ही ख्रिस्ती माणसं. त्यांची उपासना आजही सिरियॅकमध्ये चालते, म्हणजे येशूच्या अरामी भाषेच्याच एका रूपात. त्यांचे धर्मगुरू मार दिन्खा चौथे २०१५ मध्ये वारले, तोवर अनेक वर्षं त्यांचं पीठ शिकागोत होतं. देश गेला, गाव गेलं, पण रविवारी म्हणायचे शब्द त्यांनी सोबत आणले. मी किराणा घेऊन त्या पाटीखालून कितीदा गेलो असेन, कधी मान वर करून पाहिलं नव्हतं.

बाबा अकराव्या दिवशी घरी आले. मी जाऊ शकलो नाही, आणि त्याची बोच अजून आहे. ते वाचले ते औषधांनी, ऑक्सिजनने आणि नशिबाने. भजनाने वाचले असं मी म्हणणार नाही, आणि माझा मित्रही म्हणत नाही. त्याची आत्या त्याच भजनांत वाढली होती. मी ख्रिस्ती झालो नाही, त्याने कधी सुचवलंही नाही. पण तीन शनिवार मी त्याच्या गाडीत बसून तो भिकार कॉल पूर्ण ऐकला, तिसऱ्या शनिवारी धृपदात सूर लावला, आणि त्या तीन रात्री मला झोप लागली. एवढीच माझ्याकडची नोंद.

जाता जाता एक लक्षात आलं. मराठी ख्रिस्ती लोक चर्चच्या सभासदांना 'मंडळी'च म्हणतात. आपणही इथे पत्राची सुरुवात त्याच शब्दाने करतो.

तुमच्यापैकी कुणाचं घर नगर, वसई, वांद्रे, केडगाव या बाजूचं असेल आणि आजी-पणजीकडून प्लेगच्या दिवसांतलं काही ऐकलेलं असेल तर जरूर लिहा. कुठल्याही धर्माचं चालेल. ते सांगणारे आता फार उरलेले नाहीत.

चू. भू. द्या. घ्या.

आपला,
एक डेव्हनकर