तीस वेळांचा शेक

गाठ म्हटलं की आपल्याला आधी कॅन्सरच आठवतो. पण काही गाठी कॅन्सरच्या नसतात, अंगभर पसरत नाहीत, आणि तरीही नजर घालवतात. डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेच्या वेष्टनात वाढणारी मेनिन्जिओमा ही अशीच एक गाठ. ती फार क्वचित होते, पण होते तेव्हा पुरुषांपेक्षा बायकांना जास्त. मेनिन्जिओमा हे नाव अमेरिकेतले शल्यचिकित्सक हार्वे कुशिंग यांनी १९२२ साली दिलं.

ही गाठ कापून का टाकत नाहीत? ती नसेभोवती बाहीसारखी बसते, आणि नसेला रक्त देणाऱ्या बारीक वाहिन्या त्याच वेष्टनातून जातात. गाठ सोलायला गेलं की रक्तपुरवठा तुटतो आणि डोळा आंधळा होतो. त्यामुळे कितीतरी वर्षं दोनच वाटा होत्या: नुसतं बघत राहायचं, नाहीतर नजर देऊन गाठ काढायची.

तिसरी वाट किरणांची. आपल्याकडे लोक त्याला शेक म्हणतात, कुणी लाईट म्हणतात. क्ष-किरणांचा शोध १८९५ सालचा, रेडियमचा १८९८ चा. बालविवाहाविरुद्धच्या शारदा कायद्यासाठी झटलेल्या मेहरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कॅन्सरने गेल्या. पुढे त्यांचे पती दोराबजी यांच्या नावाच्या ट्रस्टने मुंबईत परळला टाटा मेमोरियल रुग्णालय उभारलं. ते २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालं. १९५१ साली कॅनडात कोबाल्टच्या यंत्राने उपचार सुरू झाले आणि किरण शरीरात खोलवर पोचू लागले.

पण जुना झोत रुंद होता. गाठीसोबत आजूबाजूचा चांगला मेंदूही भाजायचा. शिवाय नजरेची नस नाजूक. एकाच वेळी मोठा डोस दिला तर ती स्वतःच मरते. म्हणून डॉक्टर दोन गोष्टी शिकले: डोस थोडा थोडा वाटून द्यायचा, आणि झोत नेमका गाठीच्या आकाराचा करायचा. सीटी स्कॅन, एमआरआय आणि संगणक आल्यावर हा नेम साधला.

नेम साधल्याने खरंच फरक पडतो का, याची पडताळणी आपल्या मुंबईत झाली. टाटा मेमोरियलमध्ये डॉ. राकेश जलाली आणि सहकाऱ्यांनी २००१ ते २०१२ या काळात ३ ते २५ वर्षांच्या २०० रुग्णांना अभ्यासात घेतलं. सगळ्यांना मेंदूतल्या साध्या किंवा सावकाश वाढणाऱ्या गाठी होत्या. निम्म्यांना जुन्या पद्धतीने, निम्म्यांना नेमका शेक दिला. डोस दोघांना सारखाच, सहा आठवड्यांत ३० वेळा. २०१७ साली निकाल छापून आला. जगण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक नव्हता. पण पाच वर्षांत ग्रंथींचा नवा बिघाड जुन्या पद्धतीत शंभरात ५१ जणांना, तर नेमक्या पद्धतीत ३१ जणांना झाला. बुद्धीही जास्त चांगली टिकली.

नसेच्या वेष्टनातल्या गाठीलाही आज साधारण असाच, २५ ते ३० वेळांचा शेक देतात. गाठ बहुधा नाहीशी होत नाही, वाढायची थांबते. पुष्कळ जणींची आहे ती नजर टिकते, काहींची सुधारते. पण एकदा गेलेली नजर परत येईलच असं नाही.

पाटोद्यात अडचण इथेच येते. दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन गेलेल्या बाईला सहा आठवडे दवाखान्यात कोण राहू देणार? एक दिवस खाडा पडला तरी मुकादम पैसे कापतो. म्हणून घरच्यांना हे समजलं पाहिजे: तीस फेऱ्या ही डॉक्टरांची चालढकल नाही. नस वाचावी म्हणूनच डोस वाटलेला असतो, तेव्हा शेक मधेच सोडायचा नाही. बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयात आणि छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात विकिरणाचे तज्ज्ञ आहेत. तिथून पुढे कुठे जायचं ते सांगतील. खर्चासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला आधी भेटा.

आणि आज एक करा. एक डोळा झाका, दुसऱ्याने लाल कुंकू बघा. मग डोळा बदला. एका डोळ्याला रंग फिका दिसला, नजर अंधुक वाटली, किंवा डोळा पुढे आल्यासारखा दिसला, तर मोतीबिंदू असेल म्हणून सोडून देऊ नका. दुखत नसलं तरी डोळ्याच्या डॉक्टरकडे जा, आणि टोळी निघायच्या आधी जा.