हळदीची ट्यूब: औषध की प्रसाधन?

आजचा भाग एका लेबलवरच्या रिकाम्या जागेतून आलाय.

मागच्या दिवाळीआधी आम्ही दोघी बहिणींनी संत्र्याच्या सालीचं उटणं करून विकायचं ठरवलं. नागपुरात सालींना काय तोटा! वाळवल्या, दळल्या, चाळल्या, माल तयार. लेबल छापायला गेलो तर छापखान्यातल्या दादांनी विचारलं, "ताई, काय लिहू? प्रसाधन की आयुर्वेदिक औषध?" आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो. दोन्हींचे परवाने वेगळे, नियम वेगळे. आणि हाच प्रश्न एका मराठी कुटुंबाला कित्येक वर्षं कोर्टात घेऊन गेला होता. त्या कुटुंबाची गोष्ट नागपुरातच सुरू होते.

केशव विष्णु पेंढरकर. नागपुरात त्यांचं किराण्याचं दुकान होतं. ते सोडून ते मुंबईला गेले, छोटेमोठे धंदे करून पाहिले, आणि 1952 साली परळमध्ये कंपनी काढली. विष्णु इंडस्ट्रियल केमिकल कंपनी, म्हणजेच आपली विको. पहिलं नाव कमावलं ते वज्रदंती दंतमंजनानं. दारोदार फिरून विकलेला माल होता तो.

पुढे त्यांचे चिरंजीव गजानन पेंढरकर धंद्यात आले. ते औषधनिर्माणशास्त्र शिकलेले. 1975 च्या सुमारास हळदीचं क्रीम बाजारात आलं. आता जरा तेव्हाच्या गिऱ्हाईकाच्या जागी उभे राहा. तोंडाला लावायचं ते स्नो, म्हणजे पांढरं शुभ्र. हळद म्हटली की फोडणी, नाहीतर लग्नातली हळद. आणि तिचा डाग कपड्यावरून जाता जात नाही. असली हळद ट्यूबमध्ये भरून रोज चेहऱ्याला लावा म्हणायचं! दुकानदार का ऐकेल? सांगतात की विक्रेते खिशात आरसा घेऊनच फिरत. दुकानदाराच्या चेहऱ्यावर क्रीम लावायचं आणि म्हणायचं, बघा, पिवळं दिसतंय का?

गिऱ्हाईक पटलं. सरकारला पटवणं बाकी होतं.

उत्पादन शुल्क खात्याचं म्हणणं असं की हे चेहऱ्याला लावायचं क्रीम आहे, दात घासायची पावडर आहे, म्हणजे प्रसाधनं. प्रसाधनांवर शुल्क भारी, आयुर्वेदिक औषधांवर कमी. 1978 पासून वाद कोर्टात गेला. कंपनीचं म्हणणं, आमचे घटक आयुर्वेदाच्या ग्रंथांतले आणि आमचा परवाना औषधाचा. दिवाणी दावा कंपनीनं जिंकला, वरच्या कोर्टातही निकाल टिकला. पण 1985 साली शुल्काचा नवा कायदा आला. त्यात औषधं प्रकरण 30 मध्ये, प्रसाधनं 33 मध्ये. झालं, पुन्हा पहिल्यापासून! या वेळी खात्याच्या बाजूनं पक्षकार होतं नागपूरचं कार्यालय, कारण विकोचा कारखाना इथंही आहे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 2000 नंतरच्या दशकात तिथंही विको जिंकली. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळतं म्हणून ते औषध नाही, असं म्हणता येत नाही, हे कोर्टानं मान्य केलं.

आता गंमत बघा. याच नागपूर कार्यालयाशी बैद्यनाथचाही खटला चालू होता, लाल दंतमंजनावरून. त्यात 1995 साली सर्वोच्च न्यायालयानं उलटा निकाल दिला. सामान्य माणूस याला रोजच्या वापरातलं मंजन समजतो, औषध नाही. म्हणून शुल्क प्रसाधनाचं. विकोच्या बाजूनं आधीचे निकाल पक्के झालेले होते, त्याचा तिला मोठा आधार मिळाला. दोन्हीकडे आयुर्वेदाचाच दावा, खात्याचं कार्यालय एकच, आणि निकाल वेगळे.

मला यातून जे कळलं ते असं. नवी वस्तू बनवली की काम संपलं असं आपल्याला वाटतं. पण ती वस्तू नेमकी *काय* आहे हेही बनवणाऱ्यालाच ठरवावं लागतं, आणि मग तेच उत्तर दुकानात, जाहिरातीत, परवान्याच्या अर्जात आणि वेळ आलीच तर न्यायाधीशासमोर द्यावं लागतं. पेंढरकरांनी सगळीकडे एकच उत्तर दिलं. त्यांच्या जाहिरातीतसुद्धा 'हे प्रसाधन नाही' हेच ठासून सांगितलेलं असायचं. आपण ते गाणं म्हणून गुणगुणलो, पण कोर्टात मांडलेली बाजू तीच होती.

आणि आमचं उटणं? रात्री जेवताना आईनं विचारलं, "यानं नेमकं काय बरं होतं?" आमच्याकडे उत्तर नव्हतं. वास छान येतो, त्वचा मऊ लागते, एवढंच. म्हणून अर्ज प्रसाधनाचा भरलाय. परवाना हातात येईपर्यंत डबे माळ्यावर. तुम्ही काही बनवत असाल तर लेबलवरची ती ओळ आधी लिहा, माल मग तयार करा. भेटू पुढच्या भागात.