दिवसापुरते पाणी

शाळेत इतिहास शिकवायचो तेव्हा पंडिता रमाबाईंवर मी फार तर दहा मिनिटे बोलत असे. शारदा सदन, १८८९, विधवांचे शिक्षण, की लगेच पुढचा धडा. त्यांच्याकडे पुन्हा वळलो ते २०२१ च्या मे महिन्यात. आमची ही कोरोनाने इस्पितळात होती. पंधरा दिवस गुडघे टेकून प्रार्थना केली, पण ती घरी परत आली नाही. त्यानंतर कोणी साक्ष देताना 'चमत्कार' शब्द उच्चारला की मला राग येई. देवावर राग होता म्हणा ना!

अशा दिवसांत रमाबाईंचे चरित्र हाती लागले. उपास काय असतो हे या बाईने पुस्तकात वाचलेले नव्हते. वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई आणि बहीण, तिघेही दुष्काळाच्या दिवसांत तीर्थयात्रेच्या वाटेवर गेले. पुढे भाऊ गेला, आणि १८८२ मध्ये पती बिपिन बिहारी मेधावी. पदरात मनोरमा, जेमतेम वर्षाची. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यावरून आणि पुढे १८९३ मध्ये शारदा सदनावरून पुण्यात केवढा गदारोळ झाला! रानडे, भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनीही संबंध तोडले. टीकाकारांचे सगळेच चुकले असे मी म्हणणार नाही. विश्वासाने आपल्या मुली सोपवणाऱ्या पालकांची बाजूही होतीच. असो.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि तिथून सुमारे ३०० मुली व बायका घेऊन आल्या. तेव्हा पुण्यात प्लेग. शहरात एवढी माणसे ठेवायची सोय नाही. केडगावला, पुणे-दौंड रेल्वेमार्गावर, शेतीसाठी घेतलेली जमीन होती. तिथे माळावर झोपड्या उभ्या राहिल्या. तीच मुक्ती. १९०० च्या सुमारास गुजरातेतल्या दुष्काळातून आणखी मुली आल्या आणि वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. दोन हजार माणसांना रोज दोन वेळा जेवायला घालायचे म्हणजे काय, हे ज्याने शाळेच्या सहलीत शंभर मुलांची खिचडी केली आहे त्यालाच कळेल!

त्या काळातली विहिरींची गोष्ट मुक्तीच्या इतिहासात सांगतात. पाऊस नाही, आसपासचे पाणी आटलेले. संध्याकाळपर्यंत विहिरी तळाला जायच्या. सकाळी पाहावे तर दिवसापुरते पाणी पुन्हा साठलेले. रात्री उपसा थांबला की झरा पाझरतो, हे कोणताही शेतकरी सांगेल. मलाही ते ठाऊक आहे, लहानपणी गावी मोट पाहिली आहे. पण विहिरी तुडुंब भरल्या असे ही गोष्ट सांगत नाही. उद्याचे पाणी आज दिसत नव्हते, इतकेच ती सांगते. रानातला मान्ना असाच होता. साठवून ठेवला तर त्यात किडे पडत. मी मागितले होते ते मात्र वर्षानुवर्षांचे, एकदम.

आणि रमाबाई नुसत्या प्रार्थना करत बसल्या नाहीत. विहिरी खणून घेतल्या, शेती केली, माग बसवले, छापखाना घातला. आंधळ्या मुलींना ब्रेल शिकवण्याचे काम मनोरमाबाईंनी अंगावर घेतले. आईचे सगळे काम पुढे तीच सांभाळणार, असे सर्वांनी धरलेच होते.

ती १९२१ च्या जुलैत वारली. वय चाळीस. लेकीसाठी आईने प्रार्थना केली नसेल असे कसे म्हणावे? तेव्हा रमाबाई मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचे भाषांतर करत होत्या. खेड्यातल्या, कमी शिकलेल्या बाईलाही समजावे अशी मराठी त्यांना हवी होती. कित्येक वर्षांचे काम, आणि शेवटची मुद्रिते तपासायची राहिलेली. स्वतःचे कानही अधू झालेले.

लेकीनंतर नऊ महिन्यांनी, ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. तोवर मुद्रिते तपासणे चालूच होते. ते बायबल १९२४ साली बाहेर पडले, मुक्तीच्याच छापखान्यातून. खिळे जुळवायचे काम तिथल्या बायकांनीच केले.